सावकाराच्या वाड्याचा इतिहास कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या जुन्या पेठेत दोन चौकांचा वाडा आहे. मूळ पुरुष सावकार आणि सराफ. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की वाडा अडीचशे वर्षांचा, पेशवेकालीन आहे आणि पूर्वज खुद्द पेशव्यांना कर्ज देत. आता पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. त्याआधी वाड्याचा खरा इतिहास लिहून ठेवायचा आहे. तो पेशवेकालीन आहे हे कसं ठरवायचं?

माझं काम जुने वाडे मोजण्याचं आणि दुरुस्त करण्याचं. त्या अनुभवावरून सांगतो, 'पेशवेकालीन की नाही' हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. सरदाराला सरंजाम, म्हणजे फौजेच्या खर्चासाठी मुलूख, मिळाला, त्याने वाडा बांधला आणि वास्तुशांत केली, असं होऊ शकतं. सावकाराचं सहसा तसं होत नाही. पेढी चालली की तो एक चौक वाढवतो. शेजारचं घर गहाण पडून सुटलं नाही की ते वाड्याच्या पोटात घेतो. भाऊ वेगळे झाले की मधे भिंत उभी राहते, आणि दिवस फिरले की दर्शनी खोल्या भाड्याने जातात. म्हणून 'वाडा कधीचा' याचं उत्तर एका सनात देता येत नाही. कोणता भाग कधीचा आणि त्या वेळी पेढीची स्थिती काय होती, हे शोधायला हवं. त्याचे पुरावे दोन ठिकाणी असतात, लाकूड-दगडात आणि वह्यांत. त्यातला एकच वाचला तर फसगत ठरलेली.

पूर्वज पेशव्यांना कर्ज देत होते, हे अजिबात अशक्य नाही. मराठी राज्याचा लष्करी खर्च मोठ्या प्रमाणावर कर्जावर चालायचा. महसूल हप्त्याहप्त्याने यायचा आणि फौजेला पैसा मोहिमेआधी लागायचा. पहिले बाजीराव कर्जाने किती गांजले होते ते त्यांच्या पत्रांत दिसतं. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी त्यांचे गुरुस्थानी होते आणि मोठे सावकारही होते. पुढे मामलत, म्हणजे एखाद्या मुलखाची वसुली आणि कारभार, मिळाली की मामलेदाराला सरकारात आगाऊ रसद, म्हणजे महसुलापोटीची रक्कम, भरावी लागे, आणि ती बहुतेक वेळा पेढीवरून उचललेली असे. त्यात चलनाची गुंतागुंत. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हाली असे टांकसाळीगणिक रुपये चालत आणि एकाचा दुसऱ्याशी बट्टा, म्हणजे बदलताना कापायचा फरक, ठरलेला असे. नाणं पारखणं, बट्टा कापणं, काशीची किंवा सुरतेची हुंडी (दूरच्या पेढीवर पैसे देण्याची चिठ्ठी) सकारणं, हे सगळं सराफाच्या गादीवर होई. त्यामुळे कर्ज देण्याची गोष्ट खरी असेलही. पण कर्ज दिल्याचा पुरावा आणि आज उभ्या असलेल्या वाड्याचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ पुरुष पेशवाईतला आणि वाडा त्याच्या नातवाने बांधलेला, हे मी वारंवार पाहिलं आहे.

आता वाड्यात या. सावकाराचा वाडा ओळखण्याची माझी पहिली जागा दरवाजा. मोठ्या दाराच्या एका फळीत कापलेली दिंडी, उंच उंबरा, वाकून आत शिरावं लागेल अशी. दार लावून त्याच्या मागच्या बाजूला उभे राहा आणि दोन्हीकडच्या भिंतीत अडसराच्या खोबणी शोधा. एका बाजूची खोबण वीतभर खोल असते. दुसऱ्या बाजूची इतकी खोल, की अख्खा अडसर भिंतीत सरकून नाहीसा होतो. तिथे हात घाला. आतल्या कडा घडीव दगडाच्या, सरळ आणि गुळगुळीत लागल्या तर खोबण भिंतीबरोबरच बांधलेली आहे, म्हणजे दार आणि भिंत एका काळाची. हाताला तुटलेल्या विटांचे खडबडीत काठ आणि वरून थापलेला चुना लागला तर भिंत आधीची आणि एवढा भक्कम बंदोबस्त नंतरचा. मग लगेच विचारावं की तो कोणत्या भीतीने केला.

भीतीची कारणं पुण्याच्या इतिहासात ठळक आहेत. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना फडणवीसांना कैद झाली. पुढच्या वर्षी दौलतराव शिंद्यांच्या वतीने सर्जेराव घाटग्याने पुण्यातल्या पैसेवाल्यांना धरून, अमानुष छळ करून रकमा उकळल्या. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरची लढाई जिंकली आणि शहरावर पुन्हा तेच संकट आलं. त्यापाठोपाठ दुष्काळ. या पाच-सहा वर्षांत पुण्याचा सावकार जे शिकला ते त्याच्या घरात उतरलेलं दिसतं. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा बघा, रस्त्यावरून जाणाऱ्याने थांबून पाहावं असं लाकडी काम त्याच्या दर्शनी बाजूला आहे. सावकाराच्या वाड्याला रस्त्याकडे मात्र कोरी भिंत, वर लहान खिडक्या, आणि सगळी श्रीमंती दुसऱ्या चौकात. सुरूचे खांब, केळफुलं, महिरपी पाहायला आतच जावं लागतं. हे काटकसरीमुळे होतं असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. पैसा आहे हे दिसणंच ज्या शहरात धोक्याचं होतं, तिथे शहाणा माणूस असंच घर बांधणार.

पहिला चौक पेढीचा. देवडीतून आत आलं की एका बाजूचा सोपा इतरांपेक्षा थोडा उंच असतो. तिथे गादी, लोड, समोर मुनिमाची उतरती पेटी. मागच्या भिंतीतली फडताळं नीट बघा. त्यांची खोली भिंतीच्या जाडीशी ताडून पाहा. भिंत दोन हात जाड आणि फडताळ वीतभर खोल असेल तर उरलेल्या जाडीत काहीतरी आहे, जिना, बळद किंवा चोरकप्पा. बळद म्हणजे भिंतीतली धान्याची पोकळी, वरच्या मजल्यावरून भरायची आणि खालच्या भोकातून काढायची. गुप्तधनाच्या गोष्टी प्रत्येक वाड्यात ऐकू येतात आणि त्यापायी लोकांनी चांगल्या भिंती फोडल्या आहेत. कृपा करून ते करू नका. बाहेरून आणि आतून माप घेतलं की पोकळी कागदावर आपोआप दिसते.

पहिल्या आणि दुसऱ्या चौकामधलं दारही तपासा. अनेक सावकारी वाड्यांत तेच जास्त मजबूत असतं, कारण पहिल्या चौकात कुळं, दलाल, कारकून, कासीद यांची दिवसभर ये-जा. माजघर, देवघर, कोठी, बाळंतिणीची खोली हे सगळं त्या दाराच्या आत. दुसऱ्या चौकात हौद असेल तर त्याला पाणी कुठून येतं ते शोधा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळाने पाणी शहरात आणलं आणि ठिकठिकाणी हौदांत सोडलं. खासगी वाड्यात त्या नळाची शाखा असणं ही सरकारदरबारी वजन असल्याची खूण आहे. कर्ज दिल्याच्या तोंडी गोष्टीपेक्षा मी या पुराव्याला जास्त किंमत देतो.

आता वय. लाकडावरच्या हत्यारांच्या खुणा सगळ्यात आधी. तुळईच्या बाजूवर तिरपा उजेड टाका. वाकसाने तासलेल्या लाकडावर उथळ, शिंपल्यासारखे खड्डे दिसतात. दोघांनी ओढायच्या करवतीच्या रेषा सरळ पण कमी-जास्त अंतराच्या. यंत्राच्या गोल पात्याने कापलेल्या फळीवर मात्र एकसारख्या वक्र रेषा उमटतात, आणि ती फळी पेशवाईतली असूच शकत नाही. खिळेही तसेच. घडीव खिळा चौकोनी असतो आणि त्याचं डोकं हातोडीने ठोकलेलं वेडंवाकडं. तारेचा गोल खिळा खूप नंतरचा.

मग साहित्य. पेशवाईतल्या विटा चपट्या, पातळ आणि चुन्याचे थर जाड. जाड, एकसारख्या साच्यातल्या विटा इंग्रजी अमलातल्या. मंगळुरी कौलं बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून बनू लागली, तेव्हा छपरावर ती असतील तर छप्पर त्यानंतरचं. पण छप्पर बदललं म्हणजे वाडा नवा असं समजू नका, कौलं तर प्रत्येक पिढी बदलते. बिडाचे नक्षीदार कठडे, लोखंडी तुळया, रंगीत काचांची तावदानं यांच्या मागे रेल्वे आहे. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाट जोडला गेला. त्यानंतर मुंबई बंदरात उतरलेला जड माल पुण्याला येणं सोपं झालं. लांबलचक, एकसंध, बिनगाठीच्या सागाच्या तुळया दिसल्या तर मी आधी ब्रह्मी सागाचा, म्हणजे ब्रह्मदेशातून बंदरावर उतरलेल्या लाकडाचा, संशय घेतो.

इथे एक गुंता आहे. जुनं लाकूड पुन्हा वापरण्याची आपल्याकडे मोठी रीत होती. १८१८ नंतर कित्येक सरदार घराणी खालावली, त्यांचे वाडे उतरले आणि खांब-तुळया विकल्या गेल्या. म्हणून खांब पेशवाईतला आणि चौक १८६० च्या सुमाराचा, असं घडतं. ओळखायचं कसं? रिकाम्या खाचा शोधा. ज्या खाचेत आज काहीच बसत नाही, जी पाचरीने किंवा चिंधी-चुन्याने बुजवली आहे, ती त्या लाकडाच्या आधीच्या जन्मातली. एका चौकात सगळ्या खांबांची उंची सारखी पण खालचे दगडी तळखडे कमी-जास्त उंचीचे असतील तरी तोच संशय घ्यावा, कारण लांबी जुळवण्यासाठी दगड कमी-जास्त केलेला असतो. सुताराच्या जुळणीच्या खुणाही पाहा. खांबाच्या डोक्यावर आणि तुळईच्या टोकावर एकसारख्या रेघा किंवा फुल्या कोरलेल्या असतात. त्या क्रमाने जुळल्या तर चौकट मूळची.

आगीही विसरू नका. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, १८७९ च्या आगीत बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाड्याला झळ लागली. सरकारी वाड्यांच्या आगी नोंदल्या गेल्या, खासगी घरांच्या किती लागल्या असतील कोण जाणे. वरचा मजला खालच्यापेक्षा वेगळ्या घडणीचा असेल तर पोटमाळ्याजवळ भिंतीत अडकलेली जुन्या तुळयांची टोकं शोधा. काळीठिक्कर कोळसलेली टोकं तशीच ठेवून पुढे बांधकाम केलेलं पुष्कळदा सापडतं.

आता माझं खरं म्हणणं. ज्या वाड्यांना आपण सर्रास पेशवेकालीन म्हणतो, त्यांतल्या बऱ्याच सावकारी वाड्यांचं आजचं रूप १८१८ नंतरचं आहे, आणि यात कमीपणा काहीच नाही. उलट तो इतिहास जास्त बोलका आहे. पेशवाई गेली तेव्हा सराफांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं. कंपनीचा खजिना वेगळ्या रीतीने चालू लागला. १८३५ मध्ये कंपनीने एकाच तऱ्हेचा रुपया ठरवला आणि बट्ट्याचा धंदा हळूहळू संपत गेला. त्याच सुमाराला रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याची पद्धत, बसत होती आणि शेतकऱ्याला सारा रोख भरावा लागत होता. शहरातला सराफ मग गावाकडे, जमिनीच्या तारणावर कर्ज देण्याकडे वळला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला प्रचंड भाव आला आणि पेढ्यांवर पैसा खेळू लागला. खानदेश, वऱ्हाड, सोलापूरकडचे नक्षीदार व्यापारी वाडे पाहताना मी हीच वर्षं डोळ्यांपुढे ठेवतो. मग भाव कोसळले. १२ मे १८७५ रोजी सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले आणि दंगे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. खेड्यातल्या सावकारी घरात १८७५ पूर्वीचा एकही रोखा सापडत नसेल तर त्याचं कारण वाळवीच असेल असं नाही.

म्हणूनच वाड्याचा इतिहास लिहिताना कर्ज देणाऱ्याबरोबर घेणारेही आले पाहिजेत. दुसरा चौक ज्या जागेवर उभा आहे तिथे आधी कोणाचं घर होतं, ते कशाने गेलं, हे गहाणखतात लिहिलेलं असतं. घरच्यांना ते वाचायला जड जातं, हे मी समजू शकतो. तरी लिहाच. घराची थोरवी अनेकदा मालकाच्या धंद्याबाहेरही असते. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याचं नाव राहिलं ते १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली म्हणून. तात्यासाहेब भिड्यांनी जागा दिली नसती तर तो पेठेतल्या इतर घरांसारखाच विस्मृतीत गेला असता. ती इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली. तुमच्या वाड्यात शाळा, छापखाना, खाणावळ, तालीम, जे काही चाललं असेल, आणि जी भाडेकरू कुटुंबं राहिली, ती सगळी इतिहासात यायला हवीत.

विसाव्या शतकाबद्दल थोडक्यात. १८९७ च्या प्लेगनंतर उजेड-वाऱ्यासाठी बाहेरच्या भिंतीत मोठ्या खिडक्या पाडल्या गेल्या, त्यांच्या चौकटी वेगळ्या ओळखू येतात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि दुरुस्ती थांबली. वाडा नदीकडच्या पेठेत असेल तर १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराची पातळी भिंतीवर पाहा. मातीच्या भिंती खालून विरघळल्या आणि तिथे नंतर सिमेंट आलं.

कागदांकडे वळू. रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि खतावणी (खात्यावार मांडलेली वही) घरात असेल तर तुम्ही भाग्यवान. मोडीतली ही लांबट बाडं पाहून लोक घाबरतात, पण इमारतीसाठी सगळं वाचायची गरज नाही. मोडी जाणणाऱ्याला खतावणीतलं इमारत खर्चाचं खातं शोधायला सांगा. सुतार, गवंडी, पाथरवट, चुना, सागवान, गाडीभाडं अशा नोंदी एकापाठोपाठ महिनोन्‌महिने येत असतील तर तेच बांधकामाचं वर्ष. ते खातं लाकडावरच्या पुराव्याशी जुळलं की मगच सन लिहावा.

सनाचा घोळ मात्र सांभाळा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. पेशवाईतल्या कागदांवर अनेकदा सुहूर सन, म्हणजे दरबारी कागदांत चालणारी वेगळी कालगणना, अरबी शब्दांत असतो. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, १७७०-७१ आलं. फसली, म्हणजे महसुली, सनाचा फरक आपल्या भागात ५९०-५९१ चा. ११७१ हा आकडा फसली समजला तर नऊ वर्षांची चूक होते, आणि तेवढ्यात एखाद्या पेशव्याची कारकीर्द बदलू शकते. पेठांची नावंही जुनी घ्या. रविवार पेठ कागदांत आदितवार म्हणून येते, आजची गुरुवार पेठ वेताळ पेठ म्हणून.

घरात काही नसेल तर पुण्याचं पुराभिलेखागार म्हणजे पेशवे दफ्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथे आडनावापेक्षा पेढीच्या नावाने शोधा, कारण हिशेबांत सावकार पेढीच्या नावानेच येतो. सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका आणि दुय्यम निबंधकाकडची जुनी नोंदलेली खतं काढा. घराण्याची जुनी कैफियत किंवा हकीकत असेल तर जपून वापरा. इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनच्या चौकशीत, १८५२ च्या कायद्यानंतर, अनेक घराण्यांनी आपले हक्क टिकवण्यासाठी अशा हकीकती लिहून दिल्या. त्यांत पराक्रम आणि प्राचीनता वाढवून सांगण्याचं कारण होतं. नावं आणि नाती त्यांत बहुधा बरोबर असतात. सन आणि रकमा ताडून घ्याव्यात.

कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, रद्दीवाल्याला तर मुळीच देऊ नका. आधी सगळ्याचे फोटो काढा, बाड जसं बांधलेलं आहे त्याच क्रमाने. वाडा उतरणारच असेल तर त्यापूर्वी मोजणीचा पूर्ण नकाशा करून घ्या, प्रत्येक मजल्याचा, उभ्या छेदांसह. बिल्डरचा आराखडा चालणार नाही, त्यात भिंतींची जाडी सारखी दाखवलेली असते आणि आपला सगळा पुरावा त्या जाडीतच आहे. वाडा उतरवताना रोज कोणीतरी तिथे उभं राहिलं पाहिजे, कारण तुळई निघाल्यावरच तिचं टोक आणि खुणा दिसतात. कंत्राटदाराशी हे करारातच लिहून घ्या.

आणि सगळ्यात पहिला कागद कोणता शोधायचा म्हणाल तर वाटणीपत्र. भाऊ वेगळे होताना घर दिशांसह, खणांसह (दोन खांबांमधली जागा म्हणजे खण), चतुःसीमेसह लिहिलं जातं. 'पूर्वेकडील सोपा तीन खण, त्यावरील माडी, हौदात दोघांचा समाईक हक्क' अशी त्याची भाषा असते. त्या दिवशी वाडा जसा होता तसा त्यात सापडतो, आणि भाऊबंद खोटं पडू देणार नाहीत म्हणून तो विश्वासार्ह असतो. जुन्यात जुनं वाटणीपत्र घ्या, त्याची बाळबोध, म्हणजे देवनागरी, नक्कल करा आणि मोजपट्टी घेऊन देवडीपासून सुरुवात करा. कागदातला एकेक खण जमिनीवर लावत जा. जो खण कागदात आहे पण वाड्यात नाही, किंवा वाड्यात आहे पण कागदात नाही, त्याच्यापाशी थांबा आणि तिथल्या तुळयांवर तिरपा उजेड टाका.